पहिल्या खात्याचं बोट

एक फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता आमच्याकडे एक हजार दोनशे अठरा वर्गणीदार, दोन लॅपटॉप, तीन खुर्च्या आणि एकतीस वह्या होत्या. वह्या आमच्या नव्हत्या. खाली दुकानात जागा नव्हती म्हणून त्या वर आमच्या खोलीत ठेवल्या होत्या. रेळेकर टेलर्स, नववी गल्ली, जयसिंगपूर. १९८९ पासूनच्या मापांच्या वह्या. लहानपणापासून त्या बघत आल्यामुळेच भूषण रेळेकरला 'मापवही' सुचली होती.

मापवही हे शिंप्यांसाठीचं अ‍ॅप. गिऱ्हाइकाची मापं एकदा फोनमध्ये टाकायची. पुढच्या वेळी नुसतं नाव टाकलं की उंची, छाती, बाही, मागच्या खेपेचा गळा, कपडा द्यायची तारीख, सगळं समोर येतं. महिन्याला एकशे नव्वद रुपये वर्गणी. विकायचं काम भूषणचं. आकडे आणि आतली गणितं माझी, म्हणजे तेजल मगदूमची. माझी एम.एस्सी. सांख्यिकीतली, आणि आम्ही दोघं कॉलेजपासूनचे मित्र.

शिंपी जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, दुसऱ्या शिंप्यावर ठेवतो. हे समजायला आम्हाला पाच महिने लागले. मग भूषणनं अस्तर आणि गुंड्या विकणाऱ्या दुकानदारांना धरलं. दोऱ्याच्या प्रत्येक डब्याला आमचं कार्ड. कार्डावरचा चौकोन स्कॅन केला की चाळीस सेकंदांचा व्हिडिओ सुरू व्हायचा. त्यात भूषणचे वडील, दत्तात्रय अप्पा, टेप गळ्यात घालून फोनवर मापं टाकताना दिसायचे, आणि खाली अक्षरं: 'बासष्ट वर्षांचे अप्पा स्वतः टाकतात. तुम्ही?' आमच्या दर शंभर नव्या वर्गणीदारांपैकी एकसष्ट जण हा व्हिडिओ बघून आले होते. खातं क्रमांक एक, तेही अप्पांचंच होतं.

अडचण वेगळीच होती. महिन्याला ऐंशी नवे यायचे आणि चौऱ्याहत्तर सोडून जायचे.

"गळका माठ आहे हा," भूषण म्हणायचा. "मी गावोगाव फिरून पाणी आणतोय आणि तू बसून थेंब मोजतेस."

"थेंब मोजल्याशिवाय भोक कुठाय ते कळत नाही."

"मग सापडलं का?"

सापडलं नव्हतं. पुण्याच्या एका गुंतवणूक कंपनीनं आम्हाला एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली होती. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिन्ही महिने गळती तीन टक्क्यांच्या खाली राहिली तर ती कंपनी पैसे घालणार आणि मापवही पाच राज्यांत नेणार. नाही राहिली, तर जूनमध्ये भूषण परत पुण्याला नोकरीवर आणि मी नेट-सेटच्या क्लासला.

मी गळतीचं भाकीत करणारं प्रारूप, म्हणजे संगणकी मॉडेल, बनवायला घेतलं. कोण सोडून जाणार हे महिनाभर आधी कळलं, तर त्याला फोन करता येतो, सवलत देता येते. वय, गाव, रोजची मापं, हे सगळं मी त्याला दिलं. भाकीत जेमतेम नाणेफेकीपेक्षा बरं यायचं. मग मी स्पर्शाच्या नोंदी दिल्या.

हे थोडं सांगायला हवं. अडीच वर्षांपूर्वीपासून स्वस्तातल्या फोनांनाही दाब ओळखणारी काच येते. बोट काचेवर कधी टेकलं, किती जोरात आणि कधी उचललं, हे ती सेकंदाला हजार वेळा मोजते. बँकांना माणूस ओळखायला हे लागतं, म्हणून फोनवाल्यांनी ते सगळ्याच अ‍ॅपना खुलं केलं. आम्ही ते वापरत नव्हतो. पण बंदही केलं नव्हतं. सव्वीस महिन्यांचे स्पर्श आमच्याकडे आपसूक साठले होते.

निरोगी माणसाचं बोट एका बटणावर साधारण नव्वद ते एकशे दहा मिलिसेकंद टेकतं, आणि एका स्पर्शापासून दुसऱ्यापर्यंत त्यात दहा-बारा मिलिसेकंदांचा चढउतार असतो. कंटाळलेल्या माणसाचं बोट रेंगाळतं. चिडलेल्याचं जोरात पडतं. प्रारूपाला हे माझ्याआधी समजलं. फेब्रुवारीत त्यानं सोडून जाणाऱ्यांपैकी दर दहांतले आठ आधीच दाखवले. आम्ही त्यांना तीन महिने निम्म्या दराची सवलत पाठवली. गळती सहा टक्क्यांवरून दोन पूर्णांक नऊवर आली.

"तेजल, तू जादूगार आहेस," भूषण म्हणाला.

पुण्याच्या त्या कंपनीतल्या राजवाडे मॅडम फोनवर म्हणाल्या, "तो स्पर्शाचा भाग बाहेर कुठे बोलू नका हं. खरा माल तोच आहे."

पण नऊ खाती कशातच बसत नव्हती. प्रारूप दर आठवड्याला सांगायचं की हे जाणार, आणि ते जायचे नाहीत. सवलत घ्यायचे, राहायचे, आणि त्यांचा स्पर्श आणखी लांबत जायचा. राग असता तर तो चढून उतरला असता. हे आकडे नुसते हळूहळू वर जात होते, महिन्याला एक-दोन मिलिसेकंद, वर्षभर.

नवांतलं एक खातं गडहिंग्लजच्या रसूल मुल्लांचं. मी फोन केला.

"चाचा, अ‍ॅपमध्ये काही त्रास होतोय का?"

"अ‍ॅप चांगलंय बेटा. बोट चांगलं नाही. तीन दाबायला जातो तर तीन-तीन उठतात. परवा एकाची छाती तीनशे तेहतीस इंच झाली. मी म्हटलं, हा सदरा नव्हे, लग्नाचा मांडवच शिवायला लागतोय." ते हसले. मग म्हणाले, "उजवं बोट ऐकंना झालंय. थंडीनं असंल."

गडहिंग्लजला त्या दिवशी छत्तीस अंश तापमान होतं.

मी वाचायला बसले. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या डोपामीन तयार करतात, आणि हालचाल सुरू करायला आणि वेळेवर थांबवायला ते लागतं. कंपवातात या पेशी मरत जातात. हात थरथरलेला लोकांना दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. त्याच्या कितीतरी आधी बोट बटणावरून उचलायला उशीर व्हायला लागतो, आणि प्रत्येक वेळी वेगळा उशीर. आजार बहुधा एकाच बाजूनं सुरू होतो. हे सगळं शोधनिबंधांत होतं, काही तर माझ्या शाळेच्या दिवसांतले. निदान फक्त डॉक्टरच करू शकतो, हेही त्यांत होतं. पण लवकर कळलं तर औषध आणि व्यायाम लवकर सुरू होतो, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला पुढची वर्षं आखता येतात.

साठीच्या आसपासच्या माणसांत शेकडा एकाला हा आजार असतो. आमच्या वर्गणीदारांत पंचावन्नच्या वरचे सातशे होते. नऊ ही संख्या अजिबात विचित्र नव्हती. मला तेच सगळ्यात भीतिदायक वाटलं.

आम्ही आजाराला निम्म्या दराची सवलत पाठवत होतो.

मी स्वतःचं बोट मोजलं. एक्याण्णव, चढउतार दहा. दुसऱ्या दिवशी परत मोजलं. त्यानंतर रोज मोजायला लागले. आईला फोनवर खेळ म्हणून शंभर ठिपके दाबायला लावले. चहाच्या टपरीवर माणसं सुटे पैसे मोजताना मी त्यांच्या बोटांकडे बघत उभी राहायचे.

नऊ खात्यांच्या यादीत सगळ्यात वर खातं क्रमांक एक होतं. सरासरी एकशे अडतीस. चढउतार सदतीस.

भूषणला सांगायला मला चार दिवस लागले. त्यानं यादी पाहिली, लॅपटॉप हलकेच मिटला, आणि जिन्यातून खाली बघत बसला. खाली अप्पा एका सफारीचं कापड कापत होते. कात्रीचा आवाज एकसारखा येत होता.

"त्यांना यातलं काही बोलायचं नाही," तो म्हणाला. "मी नेतो मिरजेला. वयाची तपासणी म्हणून."

"आणि बाकीचे आठ?"

"आधी अप्पा."

अप्पा सहजासहजी तयार झाले नाहीत. "मला काय धाड भरलीय?" असं तीनदा म्हणून झालं. शेवटी काकूंनी मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "जा की. पोरगं गाडी काढतंय तुमच्यासाठी. मला तर कधी वाडीला दर्शनाला सोडलं नाही यानं." काकू म्हणजे भूषणची आई, शशिकला. दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांचं काज-बटण आणि फॉल-पिकोचं मशीन होतं.

दोघं दुपारी परतले. भूषण जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आला. हातात वाडीच्या कवठाच्या बर्फीचा पुडा.

"काही नाही! डॉक्टरांनी बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, कागदावर गोल-गोल काढायला लावले. म्हणाले, या वयात इतका स्थिर हात मी बऱ्याच महिन्यांत पाहिला नाही." त्यानं पुडा माझ्यापुढे सरकवला. त्याचे डोळे ओले होते. "खा. आणि ती यादी पूस."

"भूषण, आठ जण अजून…"

"तूच सांग, तू संख्याशास्त्रवाली. एका मोजपट्टीनं नऊ मापं घेतली. एक माप मी डॉक्टरकडून तपासून आणलं, ते चुकलं. मग बाकीची आठ कशावरून बरोबर?"

मोजपट्टी चुकीची असू शकत होती.

"आपण शिंप्यांचं अ‍ॅप विकतो, तेजल, दवाखाना नाही चालवत. रसूलचाचांना फोन करून काय सांगणार? की तुम्ही मापं टाकत होता आणि आम्ही तुमची बोटं मोजत होतो? दुसऱ्या दिवशी कागल ते कराड एक शिंपी आपलं अ‍ॅप ठेवणार नाही. पुणं तर गेलंच." तो थांबला. "अप्पांचं खरं निघालं असतं ना, तर देवाशप्पथ, मी स्वतः आठही जणांना फोन केला असता. सगळं गेलं असतं तरी."

मला बरं वाटलं, हे लिहायला हवं. मी बर्फी खाल्ली. यादी पुसली नाही, पण बंद केली.

मार्चची गळती दोन पूर्णांक सहा. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दोन पूर्णांक चार. राजवाडे मॅडमनी कागद तयार करायला घेतले. मी रोज सकाळी आल्यावर फक्त एक आकडा उघडून बघायचे. खातं क्रमांक एक: एकशे एकोणचाळीस. एकशे चाळीस. डॉक्टरांनी निरोगी ठरवलेला हात माझ्या पडद्यावर बिघडतच होता. मोजमापात कुठेतरी चूक आहे असं धरून मी आख्खं प्रारूप दोनदा तपासलं. चूक सापडली नाही. अप्पा खाली शीळ घालत कापड कापत होते.

चोवीस एप्रिलला पुण्याहून कॅमेरावाला आला. पाच राज्यांसाठी नवा व्हिडिओ हवा होता. तोच माणूस, तेच दुकान, फक्त आता पूर्ण माप, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माप द्यायला शेजारच्या बँकेतले पाटीलसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले.

"अप्पा, रोज करता तसंच करा," कॅमेरावाला म्हणाला. "कॅमेरा नाहीच असं समजा."

अप्पांनी टेप टाकली. "छाती एकोणचाळीस," ते खणखणीत म्हणाले. मग डाव्या हातातल्या फोनकडे बघितलं. अंगठा काचेवर फिरला, थांबला, पुन्हा फिरला. फोननं पाटीलसाहेबांच्या बुटांचा फोटो काढला.

"परत एकदा घेऊ."

दुसऱ्या वेळी छाती आली, कंबर आली, आणि बाहीला गाडी अडली. तिसऱ्या वेळी पुन्हा बाहीलाच.

मागून काकूंना राहवेना. "अहो, वर सरकवा! वर! बाही खाली लपलीय!"

"अप्पा, काय हे," भूषण हसत म्हणाला. "रोज करताय की."

अप्पांनी टेप गळ्यात अडकवली. फोन कापडाच्या टेबलावर ठेवला.

"रोज मी नाही करत," ते म्हणाले. "ही करते."

पाटीलसाहेबांनी हात खाली घेतले.

"आमच्या वस्तादांचा नियम हाय," अप्पा भूषणकडे न बघता सांगू लागले. "मोजणाऱ्यानं लिहायचं नाही. लिहायला वळला की टेप सरकते. मोजणाऱ्यानं सांगायचं, लिहिणाऱ्यानं परत म्हणायचं, मगच पुढचं माप. चाळीस वर्षं मी टेप सोडून पेन धरलं नाही. त्या पयल्या व्हिडिओला तू आठ दिवस शिकवलंस, तेवढं पाठ केलं. छाती, कंबर आणि खालचं निळं बटण. त्याच्या पुढचं मला येत नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"सगळ्या गावाला दाखवत होतास, माझा बाप स्वतः टाकतो म्हणून. तोंड पडलं असतं तुझं."

खातं उघडताना मीच भरलं होतं: दत्तात्रय रेळेकर, पुरुष, वय साठ. प्रत्येक दुकानाला एक खातं, प्रत्येक खात्याला एक माणूस, असंच आम्ही धरून चाललो होतो. शिंप्याच्या दुकानात सांगणारा आणि लिहिणारा वेगळा असतो, याचे पुरावे असलेल्या एकतीस वह्या वर माझ्या खुर्चीमागे ठेवलेल्या होत्या. त्यांतली अक्षरं अप्पांची नव्हती. मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

"काकू," मी विचारलं, "तुम्ही कधीपासून टाकता?"

"कधीपासून म्हणजे? पयल्या दिवसापासून!" त्या हसत पुढे आल्या, पदराला बोट पुसलं आणि फोन उचलला. "मीच टाकते, घे तुझा फोटो. फक्त हळू सांगा हो. हल्ली एकेक आकडा दोनदा उठतोय. काच घासलीय बहुतेक."

भूषणनं माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा मी यादी दाखवली त्या दिवशी होता तसा झाला होता. मागच्या मशीनजवळ ब्लाउजांना हूक लावायचं काम दिसत नव्हतं. दिवाळीपासून काकूंनी ते शेजारच्या सुमनला दिलं होतं. चष्मा बदलायला झालाय म्हणून, असं आम्ही सगळे समजत होतो.

व्हिडिओ काकूंवर झाला. कॅमेरावाला खूश होऊन गेला. पाटीलसाहेब बँकेत परतले. भूषणनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"आता काय?" काकू म्हणाल्या.

"काकू, तुमच्या बोटांची एक परीक्षा घ्यायचीय," मी म्हणाले. "शंभर ठिपके येतील, एकेक दाबायचा. आधी डाव्या हातानं, मग उजव्या. ही आमच्या मशीनची मोजणी आहे, डॉक्टरांची नव्हे. पण काही दिसलं तर उद्या मिरजेला जायचं."

"म्हणजे ह्यांना नेलं होतं तसं?" त्यांनी भूषणकडे बघितलं, मग अप्पांकडे. अप्पा खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. "आणि नापास झाले तर?"

"तर मी आहे की," भूषण म्हणाला.

त्यानं वरून शेवटची वही आणली आणि तिच्यातलं एक कोरं पान उघडलं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात त्यानं आधी आठ नावं लिहिली. पहिलं रसूल मुल्ला. नावांसमोर फोन नंबर. मग एक रेघ ओढली आणि खाली 'आई' असं लिहिलं.

काकूंनी डाव्या हाताचे शंभर ठिपके दाबले. मग उजव्या हाताचे. उजव्या हाताला अर्धं मिनिट जास्त लागलं.

"सांग," भूषण म्हणाला. पेन कागदावर टेकलेलं होतं.

"लिहिणाऱ्यानं परत म्हणायचं," अप्पा म्हणाले.

"डावा हात," मी म्हणाले. "सरासरी सत्त्याण्णव."

"सत्त्याण्णव."

"चढउतार बारा."

"बारा."

"उजवा हात. सरासरी एकशे त्रेचाळीस."

"एकशे त्रेचाळीस."

"चढउतार एक्केचाळीस."

"एक्केचाळीस."